दुष्काळानं खोदलेली तळी

तळी आणि डोंगर बघायला माणसं नैनितालला जातात, उदयपूरला जातात, अगदीच जवळचं हवं तर भंडारदऱ्याला. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यात कुणी जात नाही. गेलंच तर सोनारीला, काळभैरवनाथाच्या दर्शनाला. गाडी लावायची, नारळ वाहायचा, माकडांपासून चपला आणि पिशव्या सांभाळायच्या आणि परत फिरायचं. माझं म्हणणं एवढंच, की अश्विन-कार्तिकात सोनारीला जाल तेव्हा परतीची घाई करू नका. दोन दिवस हाताशी ठेवा आणि पायी फिरा.

महिना महत्त्वाचा आहे. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, इथं सहा-साडेसहाशे पडला तरी लोक समाधानी असतात. त्यातलाही मोठा वाटा परतीच्या पावसाचा. जून-जुलै ढगांकडे बघण्यात जातात, खरी आशा उत्तरा आणि हस्त नक्षत्रांवर. त्यामुळे सह्याद्रीचा हिरवा रंग उतरू लागतो, नेमका तेव्हा इथला रंग चढलेला असतो. माळावर तरवड पिवळाजर्द फुललेला, बांधावर गोकर्णीचे वेल, ओढ्यांना अजून वाहतं पाणी, आणि काळ्या रानात शाळूची पेरणी. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना हाच इथला हंगाम. मार्चनंतर हाच माळ बघणाऱ्याला मी सांगितलेलं सगळं खोटं वाटेल.

सोनारीत पहिली गाठ माकडांशी पडते. देवळाच्या आवारात, घरांच्या पत्र्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर, सगळीकडे तीच. भैरवनाथाच्या गावची म्हणून त्यांना कुणी हाकलत नाही, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नवख्या माणसाच्या हातातली पिशवी हलकी की जड, हे ती लांबूनच ओळखतात. एखादी माकडीण पोटाशी पिल्लू धरून पायरीवर बसते, तुमच्याकडे बघतही नाही, आणि तुम्ही घंटेला हात घालायला मान वर करता तेवढ्यात पिशवीतला नारळ शिखरावर पोचलेला असतो. मग ती तो निवांतपणे सोलत बसते, शेंड्या खाली टाकते. चैत्रातल्या यात्रेत या आवारात पाय ठेवायला जागा नसते, दिवाळीच्या सुमारास मात्र देऊळ बरंच मोकळं मिळतं. गावाजवळ साखर कारखाना आहे, तोही भैरवनाथाच्याच नावाचा. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, तेव्हा मोठा रस्ता सोडून गाडीवाटेनं चालावं.

चालायचं ते सीनेच्या अंगानं. नगरजवळ उगम पावणारी ही नदी परंडा आणि करमाळा तालुक्यांच्या हद्दीवरून वाहत पुढे सोलापूर जिल्ह्यात भीमेला मिळते. तिच्यावर सीना-कोळेगाव धरण आहे. शिवाय तालुक्यात खासापुरी, चांदणी, साकत असे मध्यम प्रकल्प, आणि पाझर तलाव तर किती तरी. या प्रदेशातलं तळं म्हणजे माणसानं अडवलेलं पाणी. 1972 च्या दुष्काळात लोकांनी दगड फोडले, पाट्या वाहिल्या, माती टाकली. त्यातूनच राज्यभर रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा 1977 साली झाला. त्या काळातल्या भरावांवर आज गवत कमरेएवढं वाढतं. साठीच्या पुढच्या माणसाला तळ्याचं नाव विचारलं तर तो नाव सांगतो आणि त्या कामावर आपल्या आईनं किती पाट्या टाकल्या तेही सांगतो.

भरावावरची वाट सकाळी आठच्या आत धरावी. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली भिजलेलं रान. पाण्याकडच्या उतारावर रचलेल्या काळ्या दगडांवर ढोकरी बगळा मान आखडून बसलेला दिसतो, खंड्याची निळी रेघ डोळ्यांसमोरून जाते. उथळ काठाला लालभडक लांब पायांचे शेकाटे फिरतात. थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागतात: चक्रवाक, थापट्या, तलवार बदक. उजनीचा पाणपसारा इथून फार लांब नाही, त्यामुळे पक्ष्यांचं येणंजाणं चालू असतं. शेताकडे बघाल तर भोरड्यांचे थवे एकदम वळतात तेव्हा आभाळाचा तुकडा क्षणभर काळा होतो. शेतकऱ्याचं त्यांच्याविषयीचं मत मात्र वेगळं आहे, पोटरीतली ज्वारी कुणाची ते तो जाणतो.

पायमोजे घालू नका. माळावर कुसळी गवत पिकलेलं असतं. त्याचं कुसळ लोकरीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे निघत नाही. कापडी पायमोज्यात शंभर कुसळं घेऊन दोन कोस चालण्यापेक्षा जाड चप्पल बरी. गुराखी उगीच उघड्या पायांनी हिंडत नाहीत. आणि पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या तळ्याच्या तळाला गाळ असतो, पोहणाऱ्याचेही पाय त्यात रुततात.

सीनेच्याच काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी इथं राहिले, 1714 साली त्यांचं निर्वाण झालं. समर्थांनी सांगावं आणि कल्याणांनी लिहून घ्यावं, असा दासबोध तयार झाला. कल्याणांच्या हातची ती पोथी डोमगावच्या मठानं जपली आणि धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी तिच्यावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दासबोध छापला. घरोघरच्या फडताळातला ग्रंथ एका नदीकाठच्या आडगावानं सांभाळला होता, हे ठाऊक असणारे वाचक थोडेच.

परंड्याचा किल्ला हा दुसऱ्या दिवसाचा भाग. भुईकोट, भोवती खंदक, दुहेरी तट आणि बुरुजांवर अजून तोफा. नगर मोगलांनी घेतल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ इथं होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1549 साली नगरला ओतली गेली, पुढे परंड्यात होती आणि 1632 मध्ये इथून विजापूरला नेली. पन्नास टनांहून जड धूड काळ्या मातीतून कसं ओढलं असेल, याचा अंदाज पावसानंतर इथल्या रानात चार पावलं टाकली की येतो. तटावरून चालताना गवतात पाय ठेवण्याआधी काठीनं चाचपावं.

परंडा खाली, सीनेच्या खोऱ्यात. भूमकडे निघालात की बालाघाटचा चढ लागतो. पठाराच्या माथ्यावर जलविभाजक आहे: एका अंगाचं पाणी मांजरेतून गोदावरीला, दुसऱ्या अंगाचं सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. घाटाच्या उतारांवर या दिवसांत रानची सीताफळं डोळे उघडू लागतात. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, कुलभूषण आणि देशभूषण मुनींचं. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली इथं सल्लेखना घेतली. टेकडीवर मंदिरं आणि खाली रस्त्यावर पेढ्यांची दुकानं, दोन्ही बघावीत. इथल्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते खाल्ल्यावर पटतं. पलीकडे जामखेड तालुक्यात खर्डा. 1795 च्या मार्चमध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथं. किल्ला लहान आहे, तासाभरात होतो.

शरदातलं चालणं इथल्या लोकांना नवं नाही. दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते आणि पौर्णिमेला परत सिंहासनावर बसते. त्यासाठी सोलापूरहून लोक तुळजापूरला रात्रभर चालत जातात, सुमारे 45 किलोमीटर, शेवटी बालाघाटचा घाट चढून. बरेचसे अनवाणी. त्यांना ट्रेकिंग हा शब्द कुणी शिकवलेला नाही.

पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 2025 च्या सप्टेंबरात याच परंडा तालुक्यात पुरानं हाहाकार केला. टँकरसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुलखात घरांच्या छपरांवर अडकलेली माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. नदीकाठची माती खरवडून गेली, जनावरं गेली. तेव्हा काठानं फिरताना तळ्याचं कौतुक जरा हात राखून करावं, आणि कुणाच्या बांधावरून जाताना आधी विचारावं.

येण्यासाठी कुर्डुवाडी किंवा बार्शीपर्यंत रेल्वे, तिथून परंड्याला एसटी आणि परंड्याहून सोनारी. मुक्काम परंड्यात किंवा बार्शीत. हॉटेलांकडून फार अपेक्षा नको, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र चुकवू नका. हुरडा आत्ता मिळणार नाही, तो पौषात. अलीकडे जिथं तिथं तळ्याकाठी सेल्फी पॉइंट आणि सिमेंटचे मोर उभे राहतात. इथं त्याची गरज नाही. प्रत्येक भरावाच्या तोंडाशी तळ्याचं नाव, ते कुठल्या साली आणि कुठल्या गावच्या माणसांनी बांधलं, एवढा एक फलक ग्रामपंचायतींनी लावावा. माहिती देणारी माणसं अजून गावात आहेत, त्यांना विचारून तो या हिवाळ्यातच लावा.