वेबसाईट करून घेताना : नाव कोणाच्या नावावर?

तुर्भ्याच्या बाजारात माथाडी म्हणून राबलेले हात, महापे-पावण्याच्या कारखान्यांतले कामगार, घरकाम करून मुले शिकविणाऱ्या माता. सिडकोच्या कोपरखैरणे वसाहतीतील कितीतरी घरे अशा कष्टांवर उभी राहिली. त्याच घरांतील मुले-मुली आज केटरिंग, एसी दुरुस्ती, मंडप-डेकोरेशन, शिवणकाम, क्लासेस असे उद्योग थाटत आहेत. धंदा जरा रुळावर आला की फोन येऊ लागतात : "साहेब, वेबसाईट बनवून देतो. पाच हजारांत. गुगलवर पहिला नंबर." ऐकायला गोड वाटते. पण पैसे देण्यापूर्वी घरात बसून थोडा विचार करावा.

तीन टाकीजवळ दुकान घेतले आणि पेंटरकडून पाटी रंगवून घेतली, तर पैसे चुकते होताच पाटी आपली होते. वेबसाईटचे तसे नाही. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली, डोमेन म्हणजे वेबसाईटचे नाव. हाच तिचा पत्ता. दुसरी, होस्टिंग म्हणजे ती ठेवण्याची जागा. गाळ्याचे भाडे समजा. तिसरी, डिझाईन म्हणजे आतले फर्निचर. कंपनी तिन्हींचा मिळून एकच आकडा सांगते आणि आपण तो भरतो. घोटाळा तिथेच सुरू होतो.

फर्निचर बिघडले तर दुसरे करता येते, गाळा बदलता येतो. पण नाव गेले की सगळे गेले. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक वर्षांसाठी नोंदविले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी पुन्हा पैसे भरावे लागतात. न भरल्यास थोडी सवलतीची मुदत मिळते, मग ते नाव जगात कोणीही घेऊ शकतो. आता समजा, वेबसाईट करणाऱ्याने ते नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने नोंदविले आहे. दोन वर्षांनी त्याने धंदा बंद केला, फोन बदलला, किंवा नूतनीकरणाला अव्वाच्या सव्वा रक्कम मागू लागला. आपल्या बिलबुकावर, टेम्पोवर, लग्नात वाटलेल्या कार्डांवर छापलेले नाव कागदोपत्री त्याचे! आपण नुसते भाडेकरू. यात लबाडीच असते असे नाही. पुष्कळदा करणारा मुलगा सोय म्हणून तसे करतो. नुकसान मात्र आपलेच होते.

म्हणून नोंदणी आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर आणि आपल्या मोबाईलवर झाली पाहिजे. नोंदणी करणाऱ्या कंपनीचा पासवर्ड आपल्याकडे हवा आणि ओटीपी आपल्याच फोनवर यावा. पैसेही शक्यतो आपल्याच कार्डाने भरावेत. वर्षाचा खर्च बहुधा शेकड्यांत किंवा हजाराच्या आसपास असतो. "ते तुम्हाला जमणार नाही, आम्ही बघतो" असे म्हणणाऱ्या कंपनीला नमस्कार करून उठावे. माझ्या मते कंपनी पारखण्याची पहिली कसोटी हीच. चकचकीत ऑफिस नंतर बघू.

नावाची किंमत कोर्टानेही ओळखली आहे. १९९९ साली रेडिफ कंपनीच्या नावात एका इंग्रजी अक्षराचा फेरफार करून दुसऱ्याने डोमेन घेतले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डोमेन हे नुसता पत्ता नसून धंद्याची ओळखही असू शकते आणि तिला संरक्षण मिळू शकते. पण तो लढा मोठ्या कंपन्यांनी मोठे वकील लावून लढला. आपल्या पोळी-भाजी केंद्राला हायकोर्टाची पायरी चढण्यापेक्षा नाव आधीच आपल्या नावावर करणे परवडते.

दुसरी गोष्ट लेखी कराराची. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीत केलेले काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचे ठरते. बाहेरच्या माणसाला ठेका देऊन करून घेतलेल्या डिझाईनचा आणि प्रोग्रामचा हक्क मात्र सर्वसाधारणपणे करणाऱ्याकडेच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर सहीनिशी लेखी हस्तांतर लागते. त्यातही मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. तेव्हा साध्या मराठीत दोन पानांचे का होईना, पण कागद करावा : काय करून देणार, किती दिवसांत, पुढच्या वर्षी खर्च किती, दुरुस्तीचे पैसे वेगळे का, आणि सोडून जायचे झाल्यास सगळे पासवर्ड व फाईली किती दिवसांत देणार. पैसे टप्प्यांनी द्यावेत. शेवटचा हप्ता पासवर्ड हातात आल्यावर. बिलात जीएसटी लावला असेल तर पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक पाहावा. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि तो खरा की खोटा हे जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट तपासता येते.

कंपनी महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमधली असावी की शेजारच्या सेक्टरमध्ये एका खोलीत संगणक लावून बसलेला मुलगा चालेल? मला विचाराल तर लहान कामाला शेजारचा मुलगा पुष्कळदा बरा. घर ठाऊक असते. मात्र आपल्यातला आहे म्हणून कागद न करण्याची चूक करू नये. नाती त्यामुळेच तुटतात. त्याने केलेल्या तीन जुन्या वेबसाईट मागाव्यात आणि साध्या मोबाईलवर, ठाण्याच्या लोकलमध्ये उभ्याने उघडून पाहाव्यात. आपले गिऱ्हाईक तशीच पाहणार आहे. त्यावरचा फोन नंबर लागतो का? त्या दुकानदाराला विचारावे : दर बदलायचा होता तेव्हा किती दिवस लागले?

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर किंवा नुसते चित्र टाकले तर आपल्याला मराठी दिसते, पण शोध घेणाऱ्याला ते शब्द नीट सापडत नाहीत. पहिल्या नंबरची हमी तर गुगल स्वतःच म्हणते की कोणीही देऊ शकत नाही. नकाशावर दुकानाची नोंद करणे फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत.

आणि वेबसाईट लागतेच असेही नाही. सेक्टरमधल्याच घरांना डबे देणाऱ्या भगिनीला नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरते. सरकारी खात्यांना माल पुरवायचा असेल तर उद्यम नोंदणी आणि जेम पोर्टलवरची विक्रेता नोंदणी आधी करावी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या धोरणात लघुउद्योगांकडून करावयाच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के हिस्सा ठेवलेला आहे. त्यासाठी स्वतःची वेबसाईट असावीच लागते असे नाही.

पैसे घेऊन काम न करणाऱ्याविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करता येते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून धंदा करणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो, आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी ग्राहक आयोगात फी लागत नाही. करार, बिले, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप जपून ठेवावेत. ज्यांची वेबसाईट आधीच झाली आहे त्यांनी आजच विचारून घ्यावे : नाव कोणाच्या नावावर आहे आणि मुदत कोणत्या तारखेला संपते? ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.