जुन्या रणगाड्याला नवी नळी

नगरच्या रणगाडा संग्रहालयात माणसं पट्ट्यांवर हात ठेवून फोटो काढून घेतात. मी आधी नळीकडे बघतो. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 साली उभारलेल्या या आवारात विजयंता रणगाडा आहे. त्याच्या नळीवर साधारण मध्याशी एक जाड फुगवटा दिसतो. गोळा पुढे सरकताना थोडा वायू या पोकळीत कोंडला जातो. गोळा बाहेर पडून नळीतला दाब उतरला की तोच वायू तोंडाकडे झेपावतो आणि उरलेला धूर ओढून नेतो. नाहीतर तो धूर बुरुजात, माणसांच्या नाकातोंडात.

रशियन टी-55 ची मूळ तोफ 100 मिलिमीटरची, तिचा फुगवटा पार तोंडाशी. कुठल्या चौकात शोभेला ठेवलेल्या टी-55 चा फुगवटा मागे सरकलेला दिसला, तर खुशाल समजावं की नळी बदललेली आहे. विजयंतासाठी भारतात बनणारी 105 मिलिमीटरची एल-7 आपण या रणगाड्यांवर चढवली. दोन जातींच्या रणगाड्यांना एकच दारूगोळा! त्याचं मोल कोठार सांभाळणाऱ्यालाच विचारावं.

मौज अशी, की ही तोफ ब्रिटिशांनी घडवली ती टी-55 च्या थोरल्या भावाचं, टी-54 चं, चिलखत फोडायला. 1956 च्या उठावात हंगेरियनांनी एक टी-54 बुडापेस्टमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या आवारात आणला होता. त्याचं चिलखत बघून नव्या तोफेची निकड ब्रिटिशांना पटली. तीही सेंच्युरियन या त्यांच्याच रणगाड्याच्या जुन्या तोफेच्या जागी बसेल अशीच आखलेली.

पण नुसती नळी बसवून भागत नाही. मागचा धक्का झेलणारी यंत्रणा, बुरुजाचा तोल, गोळ्यांचे कप्पे, सगळंच पुन्हा जुळवावं लागतं. गोळ्याचा वेग बदलला की दुर्बिणीतल्या अंतराच्या खुणाही निरुपयोगी.

मग नेम जुळवणं. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. आर्मर्डमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारकाकांनी तो मला हातवारे करून समजावला. नळीच्या तोंडावर चार खुणा असतात. त्यांवरून एक उभा, एक आडवा असे दोन दोरे ग्रीसने ताणून चिकटवायचे. मागून फायरिंग पिनच्या भोकाला डोळा लावायचा आणि दूरच्या पाण्याच्या टाकीचा कोपरा दोऱ्यांच्या फुलीवर आणायचा. मग दुर्बिणीची फुलीही त्याच कोपऱ्यावर. एवढ्या अवजड यंत्राची भिस्त त्या दोन दोऱ्यांवर! दोरा ढिला राहिला तर काय होतं, हे सांगताना काकांनी नुसतं कपाळाला हात लावला.

आपल्याकडे हा उद्योग टी-55 पुरता नव्हता. दुसऱ्या महायुद्धातल्या काही शेर्मन रणगाड्यांनाही फ्रेंच आणि रशियन हलक्या रणगाड्यांच्या तोफा बसवल्या होत्या. अलीकडची ‘शारंग’ तोफ त्याच घराण्यातली: 130 मिलिमीटरची सोव्हिएत एम-46 घेऊन तिला 155 मिलिमीटरची नळी दिली, आणि 27 किलोमीटरचा पल्ला 36 च्या पुढे गेला.