अश्वाचे साहचर्य

खानदेशात तापी नदीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. दत्तजयंतीस तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते. ह्या यात्रेतील घोड्यांचा बाजार देशभर प्रसिद्ध आहे. पूर्वी हे गाव धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. मारवाडी, काठेवाडी अशा उमद्या जातींचे घोडे तेथे विक्रीस येतात. जाणकार मनुष्य घोड्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याची चाल पारखतो. परंतु घोड्याचा एक गुण असा आहे की, तो केवळ सहवासानेच कळतो. तो गुण म्हणजे माणसाच्या मनाची त्याला होणारी जाणीव.

घोडा हा मुळात कळपाने राहणारा आणि संकट दिसताच पळून जीव वाचविणारा प्राणी होय. म्हणून भोवतालच्या बारीकसारीक हालचालींकडे त्याचे सतत लक्ष असते. जवळ आलेला मनुष्य भ्यालेला आहे, रागावलेला आहे की शांत आहे, हे त्याच्या आवाजावरून व हालचालींवरून घोड्यास उमगते. आरडाओरडा करणाऱ्यापासून तो दूर सरतो. शांत माणसाजवळ तो स्वस्थ उभा राहतो.

घोड्याच्या ह्याच स्वभावाचा उपयोग आज अनेक देशांत उपचारासाठी केला जातो. एखादे मूल कोणाशी बोलत नाही, एखादे चटकन संतापते, तर एखाद्यास चालता येत नाही. अशा मुलांना शिकविलेल्या, शांत घोड्याजवळ नेतात. एक जण लगाम धरतो आणि दोन्ही बाजूंस मदतनीस चालतात. घोडा चालू लागला की, स्वाराची कंबर माणसाच्या चालण्याप्रमाणेच हलते आणि तोल सावरण्याचा सराव घडतो. मनाचा लाभही लहान नसतो. घोड्यास खरारा करताना, चारा घालताना मुलाला आपला राग आवरावा लागतो. एरवी ज्याची सेवा इतरांनी करावी, ते मूल येथे दुसऱ्या जिवाची काळजी घेते. घोड्याशी बोलता बोलता ते मदतनिसाशीही बोलू लागते.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्यांना १९४४ साली, वयाच्या २३ व्या वर्षी पोलिओ झाला. गुडघ्यांखाली त्यांचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढण्याउतरण्यास त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, स्वार व घोडा ह्यांचा मेळ पारखणाऱ्या स्पर्धेत, ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून त्यांनी रौप्यपदक पटकाविले. त्यांच्या उदाहरणाने दिव्यांगांना अश्वारोहण शिकविण्याच्या कार्यास मोठी चालना मिळाली.

तथापि हा काही जादूचा उपाय नव्हे. तो वैद्यांच्या सल्ल्याने व प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखालीच करावा लागतो. औषधोपचाराची जागा तो घेत नाही. घोड्यासही पुरेसा चारा, पाणी आणि विश्रांती मिळालीच पाहिजे. दुखावलेला प्राणी दुसऱ्याचे दुःख कसे हलके करणार?

अडखळत बोलणाऱ्या मुलाला घोडा हसत नाही. सावकाश चढणाऱ्यास तो घाई करीत नाही. तो केवळ शांतपणे थांबतो. एवढे थांबणे आपल्या वर्गातील सोबत्यासाठी आपल्यालाही जमण्यासारखे आहे.