8 मिनिटांच्या उशिराची 36 मिनिटं कशी होतात?

मध्य रेल्वेवर लोकल रखडली की आपण ती जिथे उभी आहे तिथेच कारण शोधतो. पण पुष्कळदा उशीर जन्मलेला असतो भलतीकडेच. म्हणून आधी एक साधा हिशेब मांडू.

समजा, गाड्या दर 4 मिनिटांनी आहेत आणि दोन गाड्यांत किमान 3 मिनिटं अंतर ठेवावंच लागतं. म्हणजे प्रत्येक गाडीमागे 1 मिनिट शिल्लक. पहिली गाडी 8 मिनिटं अडकली, तर दुसरीला 7 मिनिटं उशीर, तिसरीला 6, असं करत आठवीला 1. बेरीज 36 मिनिटं! आता गर्दी आहे म्हणून दर 3 मिनिटांनी गाडी सोडली तर? शिल्लक शून्य. ती 8 मिनिटं मागच्या प्रत्येक गाडीला जशीच्या तशी मिळत राहणार. शिवाय उशिरा आलेल्या गाडीसाठी फलाटावर जास्त माणसं साठतात, ती चढेपर्यंत आणखी वेळ जातो.

मग पहिली 8 मिनिटं जातात कुठे? दोन ठिकाणं पाहू. एक, दिव्याचं फाटक. वाहनं रुळांवरून हटून फाटक बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. दुसरं, कल्याण. इथे कसारा आणि कर्जत असे दोन मार्ग फुटतात. लोकल, मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या एकमेकींचे रूळ ओलांडतात. एक जात असेल तर दुसरीने थांबायचं.

2022मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. त्यामुळे ठाणे-कल्याणदरम्यान लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली. पण वेगळी वाट पुढे जाऊन पुन्हा त्याच सांध्यावर मिळत असेल, तर खोळंबा संपत नाही, फक्त जागा बदलतो. कुर्ला-सीएसएमटी हा टप्पा त्यानंतरही उरलाच.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी फाटकावर उड्डाणपूल आणि यार्डात लोकल व मेलगाड्यांच्या वाटा वेगळ्या, मग जादा गाड्या. आपण सगळेच ‘फेऱ्या वाढवा’ म्हणतो, आणि दारात लटकणाऱ्याने ते म्हणणं रास्तच आहे. पण तेच शिल्लक 1 मिनिट खर्चून वाढवलेली फेरी त्याला फलाटावर जास्त वेळ उभं करते. पुढच्या वेळी नवं वेळापत्रक आलं, की फेऱ्या किती वाढल्या हे मोजू, आणि सोबत हेही विचारू: दोन गाड्यांमध्ये शिल्लक किती ठेवलीत?