इंजिन घेताना आधी कानाला विचारा



आज बोलूया होडीच्या इंजिनाबद्दल. आमचा गट कर्ली खाडीत पर्यटकांना फिरवतो. गेल्या हंगामात एका फेरीत एक लहान मूल होडीच्या काठावर चढलं. मी पुढून ओरडले, पण मागे इंजिनाचा दांडा धरून बसलेल्या काकींनी होडी वळवलीच. शेजारच्या बाईने मुलाला खाली ओढलं म्हणून निभावलं. किनाऱ्यावर आल्यावर काकी म्हणाल्या, "माका आयकाक इलाच नाय गे!" पुढे कानांची तपासणी केली, तेव्हा काकींना कमी ऐकू येतं हे कळलं.

त्यांच्याजवळचं इंजिन होतं जुनं, दोन-स्ट्रोकचं. ते बदलायचंच होतं. पण कुठलं घ्यायचं, यावर गटाच्या तीन बैठका झाल्या. त्यात जे शिकलो ते सांगते.

हातभर अंतरावरच्या बाईशी आवाज चढवून बोलावं लागलं, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबल समजायचा. एवढ्या आवाजात दिवसाला ८ तासांहून जास्त राहू नये. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज पकडतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

दोन-स्ट्रोक इंजिनात पंख्याकडे जाणारा दांडा दर फेऱ्याला स्फोटाचा धक्का खातो. चार-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणून ते शांत चालतं. जुन्या दोन-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा जवळपास चौथा हिस्सा न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. त्यात मिसळलेलं ऑईलही पाण्यात जातं. मात्र दोन-स्ट्रोक वजनाला हलकं, किमतीला स्वस्त आणि दुरुस्तीला सोपं. चार-स्ट्रोक जड आणि महाग. त्याचं ऑईल वेळेवर बदलावं लागतं.

आमच्या एका वहिनींनी बैठकीत विचारलं, "हप्ता वाढला तर भरायचा कोणी?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही हिशेब मांडला. समजा दिवसाला १० लिटर पेट्रोल लागतं आणि नव्या इंजिनाने ३ लिटर वाचलं. हंगामाचे १०० दिवस धरले तर ३०० लिटर. भाव १०० रुपये धरला तर ३०,००० रुपये. तुमचे आकडे वेगळे असतील. आठवडाभर रोजचं पेट्रोल वहीत लिहा आणि तुमचा हिशेब त्यावरून करा.

बॅटरीचं इंजिन सगळ्यांत शांत. खाडीतल्या छोट्या फेरीला ते चालतं. पण बॅटरी महाग असते, चार्जिंगची सोय लागते, आणि लांबच्या समुद्रात मध्येच बॅटरी संपली तर पंचाईत होते.

इंजिन घेताना एवढं पाहा.

दुकानात नुसतं सुरू करून दाखवलं तर हो म्हणू नका. पाण्यावर, माणसं बसवून, रोजच्या वेगाने चालवायला सांगा. चालवणारी बाई मागे बसवा आणि पुढच्या बाईचं साधं बोलणं तिला ऐकू येतं का ते तपासा.

लहान इंजिन सतत पूर्ण जोरात ताणलं की कर्कश ओरडतं. थोडं जास्त ताकदीचं असेल तर तेच काम आरामात करतं. पण होडीला झेपेल त्याहून मोठं नको.

होडीची मागची फळी मोजा. इंजिनाच्या पायाची लांबी साधारण १५ किंवा २० इंच असते. पाय आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, आवाज वाढतो आणि जोर कमी होतो. जास्त वजन त्या फळीला पेलेल का, हेही सुताराकडून बघून घ्या.

इंजिन बदलण्याआधी बंदर कार्यालयात विचारा. होडीच्या कागदांत नोंद लागते.

ज्यांना सध्या जुनंच चालवायचं आहे, त्यांनी वरचं झाकण काढून होडी चालवू नये. आवाज अडवणारा थर त्या झाकणातच असतो. वाकलेला पंखा आणि झिजलेले रबर बदला. दांडा धरणाऱ्या बायकांनी पाळ्या लावा, म्हणजे एकीच्याच कानांवर भार येणार नाही. इशारे हातानेही ठरवून घ्या. आमच्यात दोन्ही हात वर केले की इंजिन बंद.

समुद्रातले डॉल्फिन, म्हणजे आपले गादे, आवाजावरच वाट आणि भक्ष्य शोधतात. ते दिसले की वेग कमी करा, मागे लागू नका. शांत होडीतून ते जास्त वेळ बघायला मिळतात.

आम्ही शेवटी चार-स्ट्रोक घेतलं. कर्ज फिटायला वेळ लागेल. काकींचं गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही, पण परवा मी पुढून हाक मारली तेव्हा त्यांनी लगेच वळून पाहिलं.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, हातात वेळ असतो. तेव्हाच गटाची बैठक घ्या. आणि त्या बैठकीत किमतीआधी विचारा, मागे बसणारीला ऐकू येतंय का?