पडद्यावरचे पाडस

कार्टूनपट म्हणजे मुलांची करमणूक, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मुलांचा हट्ट पुरवायचा म्हणून आईवडील चित्रगृहात जातात आणि दिवे मालवले की आपले काम संपले असे मानून स्वस्थ बसतात. परंतु चांगला कार्टूनपट त्यांना फार वेळ स्वस्थ बसू देत नाही. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा १९४२ सालचा ‘बॅम्बी’ हा अशांपैकीच एक. ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स साल्टेन यांच्या १९२३ सालच्या कादंबरीवरून घेतलेली ही एका पाडसाची कथा.

पडद्यावर दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात; म्हणजे सुमारे ७० मिनिटांच्या या चित्रपटात त्या लाखभर भरतात. पात्रांची प्रत्येक हालचाल हाताने रेखाटायची, सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर उतरवून रंगवायची आणि पार्श्वचित्रावर ठेवून एकेका चौकटीचे छायाचित्र घ्यायचे, अशी ही कष्टाची कला. हरणाची चाल नेमकी साधावी म्हणून चित्रकारांसमोर जिवंत पाडसे आणून ठेवली होती. अरण्य मात्र पानन्‌पान रंगविलेले नाही. चीनमध्ये जन्मलेल्या टायरस वाँग या चित्रकाराने प्राचीन चिनी निसर्गचित्रांपासून स्फूर्ती घेऊन ते धुके, उजेड आणि सावली एवढ्यातच सुचविले.

हा संयम कथेच्या मर्मस्थळीही दिसतो. हिवाळा सरत आला आहे, बर्फातून कोवळे गवत डोकावत आहे. चरताचरता आई एकाएकी मान वर करते आणि पाडसाला पळायला सांगते. बंदुकीचा बार ऐकू येतो. पाडस झाडीत सुखरूप पोहोचते; मागे पाहते, तो आई नाही. बर्फ पडू लागते आणि त्यात ते हाका मारीत हिंडते. शिकारी दिसत नाही, आईचे कलेवर दिसत नाही. कॅमेऱ्यापुढे नको ते दृश्य चुकून येऊ शकते; रेखाटलेल्या चित्रात चुकून काहीच येत नाही. जे गाळले, ते विचारपूर्वकच गाळले आहे.

कोवळ्या मनाला असा धक्का द्यावा काय, असा प्रश्न पुष्कळ पालक विचारतात. तो रास्त आहे. अगदी अजाण, भित्र्या मुलाला थोडे थांबवावे हेच बरे. तथापि वियोग मुलांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. चित्रगृहात त्याची ओळख होते, तेव्हा आईचा पदर मुठीत असतो आणि पडद्यावर पुन्हा वसंत येतो.

याच परंपरेचा एक धागा आपल्याकडेही आला आहे. ‘बॅम्बी’च्या चित्रकारांपैकी क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईस आले आणि फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागातील कलावंतांना त्यांनी हे तंत्र शिकविले. त्यातून १९५७ साली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ हा लघुपट निघाला. मूळ जातकात राजाच्या पाकशाळेसाठी रोज एक हरीण पाळीने जायचे असते. गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा हरणांचा नायक तिच्या जागी आपली मान पुढे करतो. ते पाहून राजाचे मन पालटते आणि तो सर्व प्राण्यांना अभय देतो. तिथे आई जाते, इथे आई वाचते. मुलाने दोन्ही कथा पाहाव्यात.

आज रेघा बहुधा संगणकावर उमटतात, पण मुलाचा प्रश्न तोच आहे. चित्रगृहाबाहेर पडताना ते विचारील, ‘त्याची आई कुठे गेली?’ अशा वेळी ‘अरे, ती नुसती चित्रे होती,’ असे म्हणून त्याला गप्प करू नये. बसथांब्यापर्यंत चालत जावे आणि चालताचालता, त्याला समजेल अशा शब्दांत, खरे ते सांगावे.