परदेशी शिक्षण, ऑनलाइन वर्ग आणि व्हिसाचा नियम

आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असे, अशी नोंद सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. आज याच मातीतील मुले-मुली परदेशी विद्यापीठात शिकण्याचे स्वप्न पाहतात, ही आनंदाची गोष्ट आहे. ‘ऑनलाइन कोर्सला नाव घातले तर व्हिसा मिळतो का?’ हा प्रश्न त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सोप्या भाषेत देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानात घ्यावे. व्हिसा हा पदवीसाठी नसतो. त्या देशात प्रत्यक्ष राहून शिकण्यासाठी असतो. घरी बसून शिकायचे असेल तर व्हिसाची गरजच नाही. लंडन विद्यापीठाने तर 1858 पासूनच बाहेर राहून परीक्षा देण्याची सोय केली. आपल्याकडेही नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून घरबसल्या शिकणाऱ्यांना पदव्या देत आहे. म्हणून ‘ऑनलाइन प्रवेश घ्या, व्हिसा आम्ही काढून देतो’ असे कोणी सांगू लागला, तर तेथेच सावध व्हावे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील विद्यार्थी-व्हिसाला एफ-वन म्हणतात. त्यासाठी विद्यापीठाकडून आय-ट्वेंटी हा कागद मिळवावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रात साधारणतः किमान 12 क्रेडिटचा पूर्णवेळ अभ्यास करावा लागतो. या पूर्णवेळ अभ्यासात ऑनलाइन शिकलेला फक्त एक विषय, म्हणजे 3 क्रेडिट, धरला जातो. शेवटच्या सत्रात एकच विषय उरला असेल, तर तोही वर्गात बसूनच पूर्ण करावा लागतो. हा नियम मोडला तर विद्यार्थ्याचा दर्जा जातो, आणि दर्जा गेला की तेथे राहण्याचा हक्कही जातो.

या नियमाची खरी धग 2020 साली जाणवली. कोरोनामुळे वर्ग बंद पडले, तेव्हा मार्च महिन्यात अमेरिकी सरकारने सवलत दिली. पण 6 जुलैला घोषणा झाली की, ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन असतील त्या परदेशी विद्यार्थ्यांनी देश सोडावा किंवा प्रत्यक्ष वर्ग असलेल्या संस्थेत जावे. विमाने बंद, घरभाडे भरलेले, शिक्षणाचे कर्ज डोक्यावर. आपल्या कितीतरी घरांत त्या रात्री झोप नव्हती. न्यूयॉर्कला सकाळी दहाचा वर्ग म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळचे साडेसात, आणि दुपारी दोनचा म्हणजे रात्रीचे साडेअकरा. घरी परतून शिकायचे तर ही कसरत होतीच. 8 जुलैला हार्वर्ड विद्यापीठ आणि एमआयटी या संस्था बोस्टनच्या न्यायालयात गेल्या. 14 जुलैला सरकारने तो आदेश मागे घेतला. मात्र ही सवलत कायमची नव्हती. मे 2023 मध्ये महामारीची आणीबाणी संपली, तशी तीही संपली आणि जुना नियम पुन्हा लागू झाला.

इतर देशांचे धोरणही याच धर्तीचे आहे. ब्रिटनमध्ये दूरशिक्षणाच्या कोर्सला विद्यार्थी-व्हिसा मिळत नाही. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्याला अभ्यासाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग ऑनलाइन घेता येत नाही.

येथे बाबासाहेबांची आठवण होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला शिकत असता शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि 1917 साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. 1920 साली ते पुन्हा गेले आणि अभ्यास पुरा केला. एका मुदतीपायी किती वर्षे खर्ची पडतात, हे यावरून कळते. आज अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचा लाभ घेऊन जाणाऱ्याने नियमाच्या अज्ञानापायी ही संधी गमावू नये, असे आम्हास मनापासून वाटते.

म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विद्यापीठालाच लेखी विचारावेत. वर्ग प्रत्यक्ष आहेत की ऑनलाइन? आय-ट्वेंटी किंवा त्या देशाचा तत्सम कागद मिळेल का? आणि मध्येच वर्ग ऑनलाइन झाले तर आमच्या व्हिसाचे काय? उत्तराचा कागद जपून ठेवावा. मग कोर्स घरी बसून करायचा की सातासमुद्रापलीकडे जाऊन, हे घरच्यांबरोबर बसून ठरवावे. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. फक्त एका वाटेचे तिकीट काढून दुसऱ्या वाटेला लागू नये.